टेंपो घेऊ, फाउंड्रीत जाऊ की घरीच बसू?

प्रश्न : ताई नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, वय २२, आयटीआय टर्नर केलोय. दहावीत असल्यापासून मला फिट येतंय, गोळ्या चालू आहेत, तरी वर्षाला दोन-तीनदा येतंयच. शेवटची आली ती गावच्या यात्रेत, रात्रभर जागलो आणि सकाळी तोंड धुताना पडलो. कधीकधी सकाळी हाताला झटका बसून चहाचा कप पण उडतोय, पण त्याचं काय एवढं नाही. आधी लष्कराच्या मराठा सेंटरच्या भरतीची तयारी करत होतो, ते आता सोडलो. बेळगावात उद्यमबागच्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, बोलावलेत, तीन शिफ्टची ड्युटी आहे. मामा म्हणतात लोन काढून टेंपो घे, लायसन आहेच. आई म्हणते काही नको, घरीच दुकान घालून देऊ. फाउंड्रीत सांगितलो तर घेणार नाहीत म्हणतात मित्र. काय करू?

उत्तर : तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तू 'त्याचं काय एवढं नाही' म्हणून सोडून दिलास बघ. तो चहाचा कप. सकाळी उठल्या उठल्या हाताला झटके आणि जागरण झालं की फिट, अशी जोडी तरुण वयात सुरू होणाऱ्या अपस्माराच्या एका प्रकारात नेहमी दिसते. तुला तेच आहे असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नव्हे, पण कप उडतो हे डॉक्टरना कधी सांगितलास काय? बहुतेक नाही, कारण मीही सांगितलं नव्हतं, माझी फणी उडायची. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन अशा काही गोळ्या मोठ्या फिटवर चालतात पण हे झटके उलट वाढवू शकतात, म्हणून डॉक्टरना दोन्ही कळायला पाहिजे. न्यूरोलॉजिस्टला दाखव, बेळगावात मिळतात, नाहीतर धारवाड-हुबळी आहेच. जाताना झटक्याचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ घेऊन जा, तोंडी सांगण्यापेक्षा तो बरा. योग्य गोळी मिळाली की दहातल्या सातांच्या फिट थांबू शकतात, म्हणजे आज वर्षाला तीन येतात म्हणून जन्मभर तेवढ्याच येणार हे धरून काम ठरवायचं नाही.

आता फाउंड्री. कुणालाही आधी भीती वाटेल ती मशीनची, पण मला वाटते ती तिसऱ्या शिफ्टची. यात्रेच्या एका जागरणानं तू पडलास, मग आठवडा आठवडा रात्रपाळी केलास तर काय होईल तूच सांग. तेव्हा पहिली अट फिरती पाळी नको, जनरल शिफ्ट पाहिजे. दुसरं म्हणजे फर्नेस, वितळलेला रस ओतायचं काम, क्रेन, उंचावरचं काम आणि उघडा लेथ यातलं काही नको. लेथचा चक, म्हणजे जॉब धरून गरगर फिरणारा भाग, चालू असताना त्यावर तोल गेला तर पुढचं सांगायची गरज नाही. दरवाजा बंद करून चालणारं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवरचं मशीन, त्यामानानं बरं, पण काही वर्कशॉपात काम भराभर व्हावं म्हणून दरवाजा उघडला की मशीन थांबवणारा इंटरलॉकच बायपास करून ठेवलेला असतो, आत जाऊन आधी ते बघ आणि मग हो म्हण, आणि तेसुद्धा डॉक्टर हो म्हटल्यावरच.

टर्नर आहेस म्हणजे ड्रॉइंग वाचता येतं, व्हर्नियर-मायक्रोमीटर हातात बसलेलं आहे. हे वाया घालवून दुकानात का बसायचं? कास्टिंग आणि मशिन झालेला माल तपासायला क्वालिटीला माणूस लागतोच लागतो, आणि कॅड (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं) किंवा सीएनसी प्रोग्रामिंगचा कोर्स केलास तर खुर्चीवरचं काम मिळू शकतं. स्क्रीनची भीती घालणारे भेटतील, पण लुकलुकणाऱ्या उजेडानं फिट येणारे शंभरात साधारण तीनच असतात. तुझ्यासारख्या झटक्यांच्या प्रकारात ते जरा जास्त दिसतात, म्हणून ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, काढताना तेवढं विचारून घे.

टेंपो मात्र नाही. मामांचं मन चांगलं आहे, पण लायसनच्या अर्जासोबत जो फॉर्म एक भरून सही करतो त्यात अपस्मार किंवा अचानक शुद्ध जाण्याचा त्रास आहे काय असा सरळ प्रश्न असतो. तू तिथं काय लिहिलास मला माहीत नाही, पण सकाळी सहाला भाजी भरून चोर्ल्याच्या घाटात असताना झटका आला तर तुझ्याबरोबर समोरचाही जाणार, वर लोनचे हप्ते आईच्या गळ्यात. बाईकही आता बंद. तुझं नशीब एवढं चांगलं की मच्छे, पिरनवाडी, उद्यमबाग सगळं खानापूर रोडवरच आहे, बसनं जाता येतं, तेव्हा नोकरी बघताना पगाराच्या आधी बसचा टाईम बघ.

भरती सोडलास ते बरं केलास. लष्कर, पोलीस, रेल्वेचा ड्रायव्हर, ही दारं बंदच आहेत, आणि मेडिकलच्या आधी गोळ्या बंद करून जाणारी पोरं असतात, त्यातनं न थांबणारी फिट येऊ शकते. आणखी एक, अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नको. २०१६ च्या अपंगांच्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात अपस्माराचं नाव वेगळं नाही.

सांगायचं की नाही? मी लपवले होते. पहिल्या नोकरीत आठ महिने लपवले आणि जिन्यावर पडले, शुद्धीवर आले तर हातात किल्ल्यांचा जुडगा आणि नाकाला कांदा. फाउंड्रीत तर लोखंडाला काय तोटा, तुझ्यासाठी अख्खा ढीग घेऊन येतील! म्हणून मुलाखतीत पहिल्या वाक्याला नको, पण घेतो म्हणाले की जॉईन व्हायच्या आधी सुपरवायझरला सांग, मेडिकल फॉर्मवर खोटं लिहू नको. डॉक्टरांकडनं 'रात्रपाळी नको' अशी चिठ्ठी घे. शेजारी काम करणाऱ्या एकाला तरी शिकवून ठेव, कुशीवर वळव, तोंडात काही घालू नको, हातपाय दाबून धरू नको, घड्याळ बघ, पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखान्यात ने. ते नाही म्हणाले तर म्हणू दे, दुसरीकडे बघू. आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, कापतात काय तेही विचार, पगार २१,००० पर्यंत असला तर लागू होतं आणि आधीपासूनचा आजार आहे म्हणून गोळ्या नाकारत नाहीत.

आईला म्हणावं, दुकानात एकटा बसलेला माणूसही पडतो, आणि तिथं कुशीवर वळवायला कुणी नसतं.

प्रश्न : मुलगी बारावी सायन्स झाली, निपाणीला असतो आम्ही. तिला लहानपणापासून आकडी येते, सध्या दोन वर्षं नाही. नर्सिंग म्हणते. नातेवाईक म्हणतात शिकवून काय करायचं, आकडीवर लग्न मोडतं कायद्यानं.

उत्तर : वहिनी, तो कायदा १९९९ लाच बदलला. हिंदू विवाह कायद्यातनं अपस्मार तेव्हाच काढला, नातेवाईकांना अजून कळलं नाही एवढंच. तरी स्थळ येईल तेव्हा लपवू नका. नर्सिंगला नाईट ड्युटी टळत नाही, तेवढी एक अडचण आहे, लॅब टेक्निशियन किंवा बीएस्सी बीएड तिच्याशी बोलून बघा. दोन वर्षं आली नाही म्हणून गोळी आपल्या मनानं थांबवायची नाही. आणि तिच्या चिठ्ठीवर व्हॅल्प्रोएट ही आकडीची गोळी लिहिलीय काय ते आजच बघा, असेल तर लग्नाची बोलणी सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरना विचारायला हवं, कारण पोटातल्या बाळाला ती गोळी बाधू शकते.