वाचकांचे प्रश्न : जुना हेरेटिक, नवा लॅपटॉप

प्रश्न : रामराम भाऊ. आमच्या मित्राचा सायबर कॅफे होता, तिथं आम्ही रात्र रात्र हेरेटिक खेळायचो. कॅफे बंद झाला तेव्हा त्यानं ती सीडी मलेच देऊन टाकली. आता पोट्ट्याच्या लॅपटॉपवर टाकून पाहिली, विंडोज ११ आहे, तर हे ॲप तुमच्या पीसीवर चालत नाही असंच म्हणून राहिलं. गेमिंगवाला लॅपटॉप घ्या लागते काय? कापसाचे पैसे अजून याचे हायत.
— एक वाचक, आर्वी तालुका

उत्तर : रामराम. लॅपटॉप अजिबात घेऊ नका भाऊ, कापसाचे पैसे घरातच राहू द्या. हेरेटिक डिसेंबर १९९४ चा, रेव्हन सॉफ्टवेअरनं डूम नावाच्या गाजलेल्या गोळीबाराच्या गेमच्याच इंजिनवर बनवलेला, ४८६ सारख्या जुन्या कॉम्प्युटरवर चालायचा, तुमच्या लॅपटॉपला त्याचं काहीच ओझं नाही. भानगड अशी की तो डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जुन्या सिस्टिमचा प्रोग्राम आहे आणि ६४-बिट विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्राम चालवायची सोयच ठेवलेली नाही.

पण ह्या गेमचं एक फार चांगलं आहे. चालवणारा प्रोग्राम वेगळा आणि गेमचा सगळा माल, म्हणजे लेव्हल, राक्षस, आवाज, चित्रं, हे सगळं हेरेटिक डॉट वॅड नावाच्या एका फाइलमध्ये. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर, १९९९ मध्ये बाहेर आला, २००८ मध्ये जीपीएल ह्या कोणालाही वापरू-बदलू देणाऱ्या लायसनखाली आला, आणि लोकांनी त्यावरून आजच्या मशीनवर चालणारे प्रोग्राम बनवले, तेही फुकट. म्हणून सीडीतून तुम्हाला ती एकच फाइल पाहिजे. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसेल तर तालुक्याच्या कॉम्प्युटरवाल्याकडून पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, सीडीवर ओरखडे पडायच्या आत हे काम उरकाच. सीडीत वॅड दिसलीच नाही, नुसता इन्स्टॉलर असला, तर डॉसबॉक्स, म्हणजे डॉसचे प्रोग्राम आजच्या मशीनवर चालवणारा प्रोग्राम, टाकून त्यात इन्स्टॉल करा म्हणजे फोल्डरमध्ये वॅड मिळते. आणि कॅफेतली सीडी कॉपी मारलेली असेल तर गेम विकत घ्या, किंवा शेअरवेअरचा, म्हणजे नमुना म्हणून वाटलेला, पहिला एपिसोड घ्या, तो तेव्हापासून फुकट वाटलेला आहे आणि त्यात ९ लेव्हल आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये नाइटडाइव्ह ह्या कंपनीनं हेरेटिक आणि त्याचा पुढचा गेम हेक्सेन एकत्र नव्यानं काढलेत, तेही चालेल, पण घरी वॅड असेल तर त्याची गरज नाही.

आता चालवायचं कशात. साधा लॅपटॉप असेल तर त्या फुकटच्या प्रोग्रामांपैकी क्रिस्पी डूम घ्या, त्याच्यासोबत क्रिस्पी हेरेटिक येतो, वॅड त्याच फोल्डरमध्ये टाकली की झालं. जीझेडडूम ह्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये सोयी जास्त, पण सेटिंगही जास्त, आणि इथं माझं मत ठाम आहे. त्यात टेक्स्चर फिल्टर, म्हणजे चित्रं गुळगुळीत करायची सेटिंग, बंदच ठेवा. मूळ चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचं, फिल्टर लावला की भिंतीचे दगड मेणासारखे गुळगुळीत होतात, आणि अंधारात लपलेला गोलेम राक्षस दिसायच्या आधी जी धडकी भरायची तिची मजाच जाते. पहिल्याच लेव्हलमध्ये, डॉक्समध्ये, एक गोलेम मारा आणि पुढं पळू नका, थांबून पाहा, तो कोसळला की त्याच्यातून एक छोटासा आत्मा निघून वर जातो. आम्ही तेव्हा धावपळीत हे पाहायचोच नाही. हेडफोन लावा, कारण मधूनच कुठून तरी आवाज येत राहतात, समोर कोणी नसलं तरी, आणि निम्मी भीती त्यातच आहे.

पोट्ट्याला शिकवणार असाल तर गेम सुरू करताना सोपं-अवघड निवडायचं असतं त्यात सगळ्यात सोपं निवडा, तिथं मरायची वेळ आली की क्वार्ट्झची बाटली, म्हणजे जीव वाढवणारं औषध, आपोआप वापरली जाते. रक्त दिसतं, ते तुम्ही पाहून ठरवा. इंटरनेट लागत नाही, हॉटस्पॉट फक्त डाउनलोडपुरतं, आणि लाइन गेली तरी बॅटरीवर चालते. एफ६ नं सेव्ह करत जा.

प्रश्न : हेक्सेनमध्ये स्विच दाबला तर कोड्याचा काही भाग सुटला म्हणते, पण दार कुठं उघडलं ते कळतच नाही. दोन दिवसांपासून फिरून राहिलो.
— एक वाचक, दारव्हा

उत्तर : दार बहुतेक ह्या लेव्हलमध्ये नाहीच. १९९५ च्या हेक्सेनमध्ये लेव्हल एकामागून एक येत नाहीत, मधल्या एका ठिकाणाहून बाकीच्यांत जायचं आणि परत यायचं. सुरुवातीला ते ठिकाण म्हणजे सेव्हन पोर्टल्स, तिथून बर्फ, आग आणि पोलाद अशा तीन लेव्हलमध्ये जाऊन स्विच शोधायचे. वही घ्या, कुठल्या लेव्हलमध्ये काय दाबलं ते लिहा, टॅबनं नकाशा उघडून न गेलेले कोपरे पाहा. हे हळूहळू उलगडण्यातच हेक्सेनचा खरा आनंद आहे, म्हणून मी तुम्हाला सरळ उत्तर सांगत नाही.

प्रश्न : डूमचा अमर व्हायचा चीट, म्हणजे फसवायचा गुप्त शब्द, हेरेटिकमध्ये टाकला तर मीच मेलो, काय बिघडलं?
— एक वाचक, वणी

उत्तर : काहीच बिघडलं नाही दादा, बनवणाऱ्यांनीच तसं ठेवलंय. डूममध्ये अमर करणारा आयडीडीक्यूडी इथं टाकला की मरण, तिथं हत्यारं देणारा आयडीकेएफए टाकला की हत्यारं जातात. इथला अमर व्हायचा शब्द क्विकन, आणि सगळ्या हत्यारांसाठी रॅम्बो. सुरुवातीला सगळ्यात अवघड खेळ निवडला असेल तर मात्र चीट चालतच नाहीत.