नायिकेचे शरीर प्रकाशकाच्या सांगण्यावरून बदलावे का?

आपण लिहिता की आपल्या हस्तलिखितातली नायिका बीडकडची ऊसतोड मजूर, हाडापेराने दांडगी, रंगाने काळी, पस्तिशीच्या आतच गर्भपिशवी काढलेली. आणि प्रकाशक म्हणतात की तिला ‘जरा नाजूक’ करा, पिशवीचे प्रकरण गाळा आणि शंभर प्रती स्वतः विकत घ्या. पहिली अट साफ नाकारावी, असे माझे मत आहे. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, नवरा-बायकोला मिळून एक कोयता (मजुरांची एक जोडी) धरतो व त्यावरच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, म्हणजे तिच्या अंगातली ताकद त्या हिशेबात आधीच मोजलेली असते. उसाच्या वाळल्या पानांनी, पाचटाने, हात कापू नयेत म्हणून साडीवर पुरुषी शर्ट चढवून, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई नाजूक केली, तर तिच्याबरोबर उसाचा फडही खोटा पडतो. (मुखपृष्ठावर गोरी, सडपातळ, कमरेवर घागर घेतलेली बाई येणार, हेही गृहीत धरा.)

पिशवीच्या प्रकरणाबाबत मात्र प्रकाशकांचे म्हणणे ऐकून घ्यावे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या बीड जिल्ह्याच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले होते, तेव्हा विषय अतिरंजित आहे असा आक्षेप कुणी घेतला तरी तो टिकत नाही. प्रश्न एवढाच की ते प्रकरण केवळ वाचकाला हळहळायला लावते की पाळीमुळे पडणारा खाडा, त्यावर कापला जाणारा दंड, फिटता न फिटणारी उचल आणि दवाखान्याचा खर्च असा सगळा हिशेब मांडते. शस्त्रक्रियेनंतर ती भांडते का, हसते का, तिला नवरा हवासा वाटतो का, की पुढची शंभर पाने नुसती सोसतच राहते? सोसणेच उरले असेल तर ते प्रकरण पुन्हा लिहावे, गाळू नये.

प्रतींची अट आपल्याकडच्या नवोदितांना नवी नाही. पुण्या-मुंबईत ओळख नसलेल्या लेखकाकडून पैसे घ्यायचे आणि वर त्याच्याच पात्राचा रंग उजळायचा, हा दुहेरी अन्याय आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतर लेखी व सहीचे असावे लागते, त्यात रॉयल्टी नमूद करावी लागते, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रती घ्यायच्याच असतील तर सवलतीचा दर आणि मुखपृष्ठाला आपली लेखी संमती, ही दोन्ही कलमे करारात आल्याशिवाय हस्तलिखित हातचे सोडू नका.