रात्रपाळीत पहाटे शिडी उतरताना तोल का जातो?

तुमचा प्रश्न असा: वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) रात्री १० ते सकाळी ६ पाळी, बीपी-शुगर-कान सगळं तपासून झालंय, तरी पहाटे चारच्या सुमाराला शिडी उतरताना पाऊल चुकतं, आणि पाळी बदलल्यावर पहिल्या रात्री हे जास्त होतं. माझ्या मते दुखणं त्या पहिल्या रात्रीतच आहे.

त्या दिवशी तुम्ही सकाळी ७ ला उठलेले असता, म्हणजे पहाटे ४ ला सलग २१ तास जागे. १७ तासांच्या जागरणानंतरच माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्याइतका मंदावतो. आपल्याकडे वाहन चालवण्याची मर्यादा ०.०३ आहे. त्यात चार-पाचच्या सुमाराला शरीराचं तापमानही दिवसातलं सर्वांत कमी असतं.

पाय अशक्त झालेले नसतात. आतला कान, डोळे आणि तळवे-घोटे यांच्याकडून येणारी खबर मेंदू सतत जुळवत असतो. झोप तुटली की ही जुळवणी मागे पडते, शरीर जास्त डुलतं, सावरायला उशीर होतो. उजेडात डोळे ती कसर भरून काढतात. म्हणून सपाट फरशीवर काही जाणवत नाही आणि अंधाऱ्या शिडीवर, हातात पाना धरून उतरताना घोळ होतो.

पहिल्या रात्रीआधी दुपारी ३ ते साडेचार झोपाच. संध्याकाळी ७-८ ला झोपू म्हणाल तर नुसते पडून राहाल, त्या वेळी शरीर झोप येऊ देत नाही. पाळीत १ ते २ च्या दरम्यान सुट्टी मिळाली की अर्धा कप कडक चहा घ्या आणि लगेच २० मिनिटांचा गजर लावून पडा. चहाचा अंमल यायला तेवढाच वेळ लागतो. जास्त झोपलात तर डोकं जड होतं. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं शिडीला हात लावू नका. दोननंतर चहा बंद, कारण त्यातलं निम्मं कॅफीन पाच तासांनीही अंगात असतं आणि घरी गेल्यावर झोप लागत नाही.

उंचावरची कामं रात्री १ च्या आत उरकायला सुपरवायझरशी बोला. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फरक यानेच पडेल. नाहीच जमलं तर हत्यारं पिशवीत घालून दोरीने खाली सोडा, तोंड शिडीकडे ठेवा, दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय कायम टेकलेले असू द्या. डोक्याला टॉर्च लावा.

सर्दीची गोळी घेत असाल तर डॉक्टरांना विचारा, बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. घरी शक्यतो कंपनीच्या बसने जा. ताशी ४० ने बाईक सेकंदाला ११ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर ३३ मीटर. मे महिन्यात गच्चीखालची खोली सोडून खालच्या मजल्यावर, जाड पडदा लावून झोपा.

कूस बदलताना खोली गरगरत असेल तर कान पुन्हा दाखवा, ते पाळीमुळे नसतं. आणि एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा एकाचे दोन दिसले, तर घरी जाऊन झोपण्याचा विचार नको, तिथूनच १०८ लावा.