वाचक विचारतात: एका सकाळीत पुण्याचा इतिहास?

प्रश्न: भाचा नागपूरहून येतोय, त्याला जुन्या इमारतींमधून पुणं दाखवायचंय, पण शनिवारवाडा झाला की पुढे काय?

उत्तर: अहो, शनिवारवाड्यापासूनच सुरू करा, फक्त त्याला आधी सांगून ठेवा की आत वाडा नाहीये, १७३० मध्ये पहिल्या बाजीरावांनी पाया घातलेल्या वाड्याचे आता जोतेच उरलेत, कारण १८२८ च्या आगीत बाकी सगळं गेलं. दिल्ली दरवाज्याचे खिळे मात्र हात लावून बघू दे, हत्तींनी धडक देऊ नये म्हणून ठोकलेले आहेत ते. शेजारचा लालमहाल बाहेरूनच बघा, तो मूळचा नाही, अलीकडे बांधलेला.

तिथून चालत विश्रामबागवाड्याला या, गाडी नको, पार्किंग मिळता मिळत नाही. हा दुसऱ्या बाजीरावांचा, आणि माझ्या मते जास्त बघण्यासारखा हाच, दर्शनी भागातले सुरूच्या आकाराचे लाकडी खांब बघतच राहाल! पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये इंग्रजांनी इथे संस्कृत पाठशाळा काढली, तीच पुढे डेक्कन कॉलेज झाली. शेवटी मंडई, १८८६ ची, आठ बाजूंची. भाजी पण होऊन जाईल.