त्या दोघांना शेवटपर्यंत जगू दे

प्रिय मित्रा,

तुझ्या लघुपटाची संहिता वाचली. दहावीतली दोन मुलं, तालुक्याचं गाव, शाळेमागचं कबड्डीचं मैदान. मॉनिटर असलेला मुलगा आपल्या कबड्डीवाल्या मित्राच्या भूगोलाच्या वहीतले नकाशे रात्री जागून पूर्ण करतो आणि कोकणची किनारपट्टी रंगवताना निळ्या पेन्सिलीला पुन्हा पुन्हा टोक काढतो, त्या प्रसंगापाशी मी थांबलो. कुणी कुणाला काही बोललेलं नाही, तरी वाचणाऱ्याला सगळं कळतं. असं लिहिणं सोपं नसतं. तुला ते येतंय.

माझं भांडण आहे ते शेवटच्या पानांशी. चिठ्ठी सापडते, वडील पट्टा काढतात आणि सकाळी विहिरीच्या काठावर चपला दिसतात. खाली तू लिहिलं आहेस, "सर, वास्तव असंच असतं ना?"

असं घडतं, हे मी नाकारत नाही. पण घडणाऱ्या हजार गोष्टींपैकी हीच एक या मुलांच्या वाट्याला का येते, याचा विचार कर. दोन मुलग्यांचं प्रेम दाखवायचं आणि त्याची किंमत म्हणून एकाचा जीव घ्यायचा, ही पडद्यावरची फार जुनी खोड आहे. लेखकाला गंभीर काही लिहिल्याचं समाधान मिळतं, प्रेक्षकाला रडल्याचं. मागच्या रांगेत बसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला मात्र एवढंच समजतं, की आपल्यासारख्यांचं शेवटी हेच होतं. तो मुलगा तुझ्या प्रत्येक शोला असणार आहे, आणि मला काळजी वाटते ती त्याची.

तू दिग्दर्शक लुकास धोंटच्या 'क्लोज' या चित्रपटाचा दाखला दिला आहेस. त्याला 2022 मध्ये फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री हा पुरस्कार मिळाला आणि त्यातही एक मुलगा जातो, हे खरं. पण तो कधी जातो ते पाहा. बेल्जियममध्ये फुलशेतीच्या गावात वाढलेले लिओ आणि रेमी, तेरा वर्षांचे, एकमेकांच्या घरी झोपणारे, फुलांच्या ताटव्यांमधून धावणारे. नव्या शाळेत वर्गातली एक मुलगी विचारते, तुम्ही दोघं जोडी आहात का? तिच्या आवाजात द्वेष नाही, नुसती उत्सुकता आहे. तेवढ्याने लिओ बदलतो, रेमीपासून अंग चोरायला लागतो. रेमीचा मृत्यू चित्रपटाच्या निम्म्याच्या आसपास येतो. उरलेला सगळा वेळ मागे राहिलेल्या लिओचा आहे: आइस हॉकीचं हेल्मेट, प्लास्टरमधला हात आणि रेमीच्या आईसमोर घशातच अडकलेलं एक वाक्य. धोंटने मृत्यूवर पडदा पाडलेला नाही, तिथून पुढचं सगळं ओझं उचललं आहे. तुझ्या वीस मिनिटांच्या लघुपटात ते मावणार नाही, म्हणून मृत्यूला हात लावू नकोस.

तुझ्या लांबीचं काम पाहायचं असेल तर ब्राझीलच्या दानिएल रिबेरोकडे जा. त्याने 2010 मध्ये सतरा मिनिटांचा एक लघुपट केला आणि तेच तीन प्रमुख कलाकार घेऊन 2014 मध्ये पूर्ण लांबीचा 'द वे ही लुक्स' केला. त्याला बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात समलैंगिक विषयांवरच्या चित्रपटांसाठीचा टेडी पुरस्कार मिळाला. त्यातला साव पावलो शहरातला शाळकरी लिओनार्दो, म्हणजे लिओ, जन्मापासून अंध आहे. आता बघ, पहिलं प्रेम म्हटलं की सिनेमाची सगळी भिस्त नजरानजरेवर असते. वर्गातून चोरून पाहणं, पकडलं जाणं, मान खाली घालणं. रिबेरोच्या नायकाला यातलं काहीच करता येत नाही. मग दिग्दर्शकाला दुसरे रस्ते शोधावे लागतात आणि तिथेच हा चित्रपट उजळतो. नवा आलेला गॅब्रिएल लिओला सिनेमाला नेतो आणि पडद्यावर काय चाललंय ते शेजारी बसून कुजबुजत सांगतो. रात्री सायकलवरून चंद्रग्रहण 'दाखवायला' घेऊन जातो. एकदा त्याचं स्वेटशर्ट लिओकडे राहतं. लिओ ते जवळ घेऊन झोपतो, त्याचा वास घेत. पूर्ण चित्रपटात प्रेमाची याहून मोठी कबुली नाही, आणि ती ऐकायला खोलीत दुसरं कुणी नाही.

शेवटाकडे वर्गातली टवाळ मुलं दोघांना चिडवतात. लिओ तेव्हा गॅब्रिएलचा दंड धरून चाललाय, अंध माणूस आधाराला धरतो तसा. चिडवणं ऐकून तो हात खाली सरकवतो आणि गॅब्रिएलचा हात हातात घेतो. भाषण नाही, मारामारी नाही. रोजच्या गरजेचा एक स्पर्श काही इंच खाली सरकतो आणि त्याचा अर्थ पालटतो.

हे तुला जसंच्या तसं उचलता येणार नाही, आणि माझ्या मते तुझ्या संहितेतली खरी अडचण इथेच आहे. आपल्याकडे मुलगे गळ्यात हात टाकून फिरतात. एका सायकलवर तिघं बसतात, जत्रेत करंगळ्या अडकवून चालतात, एका ताटात जेवतात. कुणी वळून बघत नाही. तू सहाव्या प्रसंगात कॅमेरा कबड्डीवाल्याच्या खांद्यावरच्या हातावर रोखला आहेस, पण आपल्या प्रेक्षकाला त्यात काही वेगळं दिसणार नाही. आपल्याकडे स्पर्शाला मुभा आहे. कुणीतरी "बायल्या" म्हणून ओरडलं की ती मुभा जाते. म्हणून हात ठेवलेला दाखवण्यापेक्षा तो एके दिवशी ठेवला गेला नाही, हे दाखव. मधल्या सुट्टीत सगळी पोरं एकमेकांच्या अंगावर रेलून बसली आहेत आणि हे दोघं तेवढे हातभर अंतर राखून, एवढं एक चित्र पुरे. अशी दोस्ती सवयीची असलेल्या समाजात वाढलेला दिग्दर्शकच ते नेमकं टिपू शकतो.

मराठी सिनेमाला शाळकरी प्रेम नवं नाही. 'शाळा'तला जोशी आपल्याला पाठ आहे, 'फँड्री'तला जब्या तर काळजात रुतून बसला आहे. दोघांचंही प्रेम मुलीवर. रोहन कानवडेच्या 'सबर बोंडं'ला 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवाचा वर्ल्ड सिनेमा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. आपल्या गावच्या मातीत दोन पुरुषांमधली माया इतक्या शांतपणे येऊ शकते, हे त्याने दाखवून दिलं. पण त्यातले आनंद आणि बाळ्या तिशीतले आहेत, बालपणीची मैत्री मागे टाकून आलेले. त्यांची दहावी अजून कुणीतरी लिहायची आहे. मला वाटतं तू ती लिहितो आहेस, म्हणून एवढा हट्ट.

सुखान्त म्हणजे भाबडेपणा, अशी भीती तुझ्या मनात दिसते. हेट्टी मॅकडोनल्डचा 'ब्युटिफुल थिंग' 1996 चा. ब्रिटनमध्ये तेव्हा कलम 28 लागू होतं; नगरपालिकांनी समलैंगिकतेचा 'प्रसार' करू नये असं सांगणारा 1988 चा कायदा. त्या काळात लंडनच्या थेम्समीड वसाहतीतल्या दोन कामगारवर्गीय मुलांना या चित्रपटाने शेवटी चौकात, शेजाऱ्यांच्या देखत, एकमेकांच्या मिठीत नाचवलं. त्यातल्या एकाला घरी बेदम मार बसतो, तेही चित्रपट लपवत नाही. त्या नाचात मला भाबडेपणा दिसत नाही, धैर्य दिसतं.

तुझ्या संहितेतल्या मोठ्या माणसांकडेही पुन्हा बघ. वडील नुसते पट्टा आहेत आणि बाई नुसत्या प्रेमळ. जपानी दिग्दर्शक हिरोकाझू कोरेएदाच्या 'मॉन्स्टर'मध्ये (2023, पटकथा युजी साकामोतो) एकच घटना आधी आईच्या, मग शिक्षकाच्या आणि शेवटी मुलांच्या बाजूने उलगडते. शाळेतून येणारा एक बेसूर, हंबरल्यासारखा आवाज आपण आधी लांबून ऐकतो आणि अस्वस्थ होतो. शेवटच्या भागात कळतं, की मुख्याध्यापिका आणि त्या दोन मुलांपैकी एक, मिनातो, वाद्यं फुंकत होते. जे कुणाला सांगता येत नाही ते फुंकून टाक, असं तिने त्याला सुचवलेलं असतं. ही बाई काही आदर्श नाही, तिच्या स्वतःच्या पदराखालीही खोटं आहे. तरी त्या मुलाला तेवढा एक श्वास तिनेच दिला. तुझ्या संहितेतल्या वडिलांनाही एखादा असा क्षण दे, पट्टा हातात असताना दिलास तरी चालेल.

आता शूटिंगचं. कोरेएदा एरवी मुलांना संहिता देत नाही, संवाद सेटवरच सांगतो. 'मॉन्स्टर'साठी मात्र त्याने दोन्ही मुलांना संहिता आधी वाचायला दिली. तूही तेच कर. आपल्याकडे 14 वर्षांखालच्या बालकलाकाराला दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग 3 तासांनंतर विश्रांती द्यावी लागते आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तुझी मुलं वयाने त्यापुढची असली तरी तासांचा नियम पाळ. चुंबनाचा प्रसंग काढून टाक. मुलं अल्पवयीन आहेत, एवढं कारण पुरेसं आहे. शिवाय निळ्या पेन्सिलीनंतर त्याची गरजच उरत नाही. ट्रेलर आला की शाळेत त्या दोघांना चिडवलं जाईल, हे त्यांच्या आईवडिलांना आजच सांग. अर्धी गोष्ट सांगून होकार मिळवू नकोस.

ही गोष्ट तुझी स्वतःची आहे का, हे मी विचारणार नाही. असली तरी ती कुणाला, अगदी मलाही, सांगायला तू बांधील नाहीस. सांगावीशी वाटली तर माझं दार उघडं आहे, दिवसा-रात्री केव्हाही.

दिवाळीच्या सुट्टीत शूट करायचं म्हणतोस, तर पुढचा मसुदा सप्टेंबरअखेर पाठव. चिठ्ठी राहू दे, पण ती सापडते कुणाला, ते बदलून बघ. मला आई सुचते. तिला सध्या एकच वाक्य आहे, "जेवायला चल", आणि ती याहून अधिक काही करू शकेल असं मला वाटतं. मुलांच्या घरी बोलणं झालं की कळव. त्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर मी येईन.

तुझा,
सर