ओएलईडी लाइटिंग : पीएचडीला घ्यावं की नाही?

‘एम.एस्सी. फिजिक्स संपत आलंय, पीएचडीला ओएलईडीचे दिवे हा विषय घ्यायचा विचार आहे, पण आमचे सर म्हणतात तो विषय कधीच संपला. खरं का?’ असा तुमचा प्रश्न. याच विषयात माझी साडेपाच वर्षं गेलीत, त्यामुळे जरा ऐसपैस लिहितो. ओएलईडी म्हणजे वीज दिली की सेंद्रिय (कार्बनी) रेणूंचे पातळ थर स्वतःच उजळतात असा सपाट दिवा.

सरांचं निम्मं बरोबर आहे. घरातल्या दिव्यांचा बाजार उठला. 2009 साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या कार्ल लिओ यांच्या गटाने ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात वॉटला 90 ल्युमेन (ल्युमेन म्हणजे बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचं माप) देणारा पांढरा ओएलईडी दाखवला, म्हणजे ट्यूबलाइटच्या तोडीचा. तेव्हा पुढचं छत याचंच असणार असं वातावरण होतं. ओस्राम, फिलिप्स, एलजी, कोनिका मिनोल्टा सगळे उतरले. फिलिप्सने 2015 मध्ये हा धंदा ओएलईडीवर्क्सला विकून टाकला, पुढे एलजीनेही गाशा गुंडाळला. आता हे दिवे बघायचे तर ऑडीच्या गाड्यांच्या मागे बघा.

कारण समजायला साधा हिशोब पुरतो. दहा बाय दहा सेंटिमीटरचं पॅनेल चौरस मीटरला 3000 कँडेला या तेजाने लावलं, तर त्यातून साधारण 95 ल्युमेन निघतात. नऊ वॉटचा साधा एलईडी बल्ब 900 ल्युमेनच्या आसपास देतो. म्हणजे एका बल्बच्या जागी नऊ-दहा पॅनेलं! तेज वाढवावं तर आयुष्य घटतं, आणि तेही सरळ प्रमाणात नाही, त्याहून वेगाने. एलईडीची चिप मिलिमीटरभर, इथे मात्र प्रत्येक चौरस सेंटिमीटर निर्वात पात्रात थरावर थर देऊन बनवायचा. भावात टिकाव लागणार कसा?

पण दिवा विकला गेला नाही म्हणून त्यातलं भौतिकशास्त्र सुटलं असं होत नाही.

निळ्याचंच बघा, त्याच्याशिवाय पांढरा प्रकाश जमत नाही. वीज दिल्यावर रेणूत जे एक्सायटॉन (ऊर्जेची गाठोडी, ज्यांतून प्रकाश निघतो) तयार होतात ते स्पिननुसार दोन प्रकारचे : 25 टक्के सिंगलेट आणि 75 टक्के ट्रिपलेट. साध्या फ्लुरोसंट रेणूत ट्रिपलेट बहुतेक वाया जातात. 1998 मध्ये अमेरिकेतल्या फॉरेस्ट आणि थॉम्प्सन या शास्त्रज्ञांच्या गटांनी जड धातूंची संयुगं वापरून तेही प्रकाशात आणायची वाट दाखवली. इरिडियमच्या संयुगांनी लाल आणि हिरवा मार्गी लागला, निळा अडला. निळ्या एक्सायटॉनची ऊर्जा पावणेतीन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्ट. असे दोन एकमेकांना भेटले की एकाच्या माथी दोघांची ऊर्जा, आणि तेवढ्यात रेणूतला कार्बन-नायट्रोजन बंध सहज तुटतो. म्हणून पांढऱ्या पॅनेलात निळा बहुधा जुन्या फ्लुरोसंट पद्धतीचा ठेवतात आणि त्याचे ट्रिपलेट बुडीत खाती टाकतात. 2012 मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठाच्या अदाची यांनी धातूशिवाय ट्रिपलेट वळवून घेणारे रेणू दाखवले. तरी टिकाऊ, गडद निळा हा आजही डोकेदुखीचाच विषय, आणि तो मोबाइलच्या पडद्यांनाही तितकाच हवाय.

दुसरा प्रश्न माझा लाडका. आत तयार झालेल्या प्रकाशातला जेमतेम पाचवा हिस्सा समोरून बाहेर पडतो. सेंद्रिय थराचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचं माप) 1.7-1.8, काचेचा 1.5, बाहेर हवा. प्रकाश आतल्या आत आपटत राहतो. पहिलं हिरवं पिक्सेल (चाचणीचा छोटा ओएलईडी) लावाल तेव्हा समोरून बघू नका, काचेची कड बघा. अडकलेला प्रकाश तिथून गळत असतो, कड हिरवी लकाकते. मग अपवर्तनांक जुळणाऱ्या तेलाचा थेंब टाकून वर अर्धगोल भिंग ठेवा. वीज तेवढीच, आणि मीटरचा आकडा उडी मारतो. मी अख्खा दिवस हेच करत बसलो होतो.

आणि ओलावा, या थरांचा शत्रू. पॅकिंगमधून चौरस मीटरला दिवसाकाठी ग्रॅमचा दशलक्षांश भाग एवढंच पाणी आत गेलेलं चालतं, असा दंडक आहे. माझ्या एका जुलैतल्या बॅचमध्ये ओलावा शोषणारी पट्टी रात्रभर ग्लोव्ह बॉक्सबाहेर (ओलावा नसलेल्या बंद पेटीबाहेर) राहिली आणि सकाळी मी तीच आत चिकटवली. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली खसखशीसारखे काळे, न उजळणारे ठिपके, आठवड्याने ठिपके एकमेकांना भिडलेले. तीन महिन्यांचं काम. दोष सर्वस्वी माझा, पावसाळ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आता खरा सल्ला. आपल्याकडचे कितीतरी प्रबंध असे असतात : युरोपियम या धातूचं नवं संयुग बनवायचं, यूव्ही दिव्याखाली पावडर लालबुंद चमकली की स्पेक्ट्रम काढायचा आणि शेवटी ‘ओएलईडीसाठी उपयुक्त’ असं ठोकून द्यायचं. त्या पावडरीतून वीज कधी गेलेलीच नसते! असला विषय मिळत असेल तर सरांचं ऐका, सोडून द्या. आयआयटी कानपूरसारख्या ठिकाणी डिव्हाइस बनवायची सोय आहे, तिथे किंवा तशा प्रयोगशाळेत जागा मिळत असेल तर जरूर घ्या. फक्त विषयाच्या नावात ‘लाइटिंग’ ठेवू नका, ‘निळ्याचं आयुष्य’ किंवा ‘प्रकाश बाहेर काढणं’ यावर बोट ठेवा.

मुलाखतीला गेलात की गाइडना पेपर किती छापले ते विचारू नका. थर्मल इव्हॅपोरेटर (निर्वातात थर चढवायचं यंत्र) कुठे आहे ते विचारा, आणि जमलं तर त्याची लॉगबुक उघडून शेवटची नोंद कुठल्या तारखेची आहे ते बघून या.