मोकळे होण्यासाठी ‘येणे बाकी नाही’ असे लिहून द्यावे का?

तुमचा प्रश्न मी काल रात्री वाचला आणि आज सकाळी पुन्हा वाचला. एकोणीस वर्षांचे वय, परदेशी फुटबॉल क्लबशी झालेला पहिला व्यावसायिक करार, दोन महिन्यांचा थकलेला पगार, सूज न उतरणारा गुडघा आणि दुसऱ्या क्लबकडून आलेली विचारणा. त्यातच सध्याच्या क्लबच्या कार्यालयाने एक कागद पुढे केला आहे. ‘माझे क्लबकडे कोणतेही येणे बाकी नाही’ असे त्यावर लिहिले असून त्यावर सही केल्याशिवाय तुम्हाला मोकळे करणार नाही, असे सांगण्यात आले आहे. गुडघ्याची बाजू सोडली, तर ही तंतोतंत माझी गोष्ट आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी उत्तर देते: सही करू नका. निदान आज करू नका आणि त्यांच्या कार्यालयात बसून तर मुळीच करू नका.

मी वकील नाही. आठ वर्षे लेफ्ट बॅकला खेळले आणि आता मुलींना प्रशिक्षण देते. पुढे जे नियम सांगते ते फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेचे, म्हणजे खेळाडू एका देशाची आणि क्लब दुसऱ्या देशाचा असतानाचे आहेत. तुमच्या क्लबच्या देशातील कामगार कायदा किंवा तिथला सामूहिक करार काही बाबतीत वेगळा असू शकतो. सराव, झोप आणि शिस्त यांविषयी काही लिहीत नाही, कारण व्यावसायिक करारापर्यंत पोहोचलेल्या मुलीला ते सांगण्याची गरज नसते.

2014 साली माझा पहिला हंगाम संपला तेव्हा तीन महिन्यांचा पगार थकलेला होता. मी दर आठवड्याला कार्यालयात जात असे आणि दर आठवड्याला ‘पुढच्या आठवड्यात’ हे उत्तर घेऊन परत येत असे. यातले काहीही मी लिहून ठेवले नाही, मेलही पाठवला नाही, कारण लेखी मागणी केली तर ही मुलगी भांडकुदळ आहे असा बोभाटा होईल आणि पुढच्या सामन्यात बाकावर बसवतील, अशी भीती वाटत होती. (बाकावर तर मला तरीही बसवले.) मग दुसऱ्या क्लबची विचारणा आली. तिथल्या नोंदणीची मुदत संपण्याच्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता, मी सामानाची बॅग घेऊनच जुन्या क्लबच्या कार्यालयात गेले. टेबलामागच्या गृहस्थांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. चार ओळींचा मजकूर आधीच छापलेला होता, माझे नाव घालण्यापुरती जागा रिकामी होती आणि त्या नावाच्या स्पेलिंगमध्येही त्यांनी चूक केली. मी ती चूक दाखवली, त्यांनी ती पेनाने दुरुस्त केली आणि मी खाली सही केली. नावातले एक अक्षर मला खटकले, पण ‘सर्व रक्कम मिळाली’ हे वाक्य खटकले नाही, याचे आजही नवल वाटते. त्या कागदाची प्रत मागितली तेव्हा झेरॉक्स मशीन बंद आहे असे सांगण्यात आले.

मात्र माझी सर्वांत महागात पडलेली चूक ही सही नव्हती, सहीच्या आधीची होती. माझ्या कराराची प्रत माझ्याजवळ कधीच नव्हती. दोन्ही प्रती ‘नोंदणीसाठी लागतात’ म्हणून कार्यालयाने ठेवून घेतल्या होत्या आणि करार दोन हंगामांचा आहे असे मी धरून चालले होते. पुढे एका खेळाडू संघटनेच्या वकीलबाईंनी त्या देशाच्या राष्ट्रीय फुटबॉल महासंघाकडून त्या कराराची प्रत मिळवली, तेव्हा कळले की करार एकाच हंगामाचा होता, दुसऱ्या हंगामाचा केवळ पर्याय होता आणि क्लबने तो वापरलेलाच नव्हता. म्हणजे मी सही केली त्या संध्याकाळी करार संपून चार दिवस झाले होते. मला अडवण्याचा कोणताही अधिकार त्या क्लबला उरलेला नव्हता. मी आधीच मोकळी होते आणि मोकळे होण्याची किंमत म्हणून तीन महिन्यांचा पगार सोडून आले.

घाईलाही काही अर्थ नव्हता. ज्या व्यावसायिक खेळाडूचा करार नोंदणीची मुदत संपण्याआधी संपला आहे, तिची नोंदणी महासंघ मुदतीनंतरही करू शकतो, अशी तरतूद फिफाच्या नियमांत तेव्हाही होती. हे ना मला ठाऊक होते, ना माझ्या एजंटला. किंवा त्यांना ठाऊक असेल, पण त्या दिवशी ते फोन उचलत नव्हते.

वकीलबाईंनी ती प्रत समोर ठेवली तोवर दोन वर्षे आणि काही आठवडे उलटले होते. वाद निर्माण करणारी घटना घडून दोन वर्षांहून अधिक काळ गेला, की फिफाचे न्यायाधिकरण ते प्रकरण ऐकत नाही. सही दबावाखाली घेतली होती, असे म्हणण्याची जी थोडीफार संधी होती, तीही त्यामुळे गेली.

आता तुमच्याविषयी. आज संध्याकाळपर्यंत कराराची पूर्ण प्रत मिळवा: क्लबकडून मेलवर मागा, एजंटकडे मागा, दोघांनीही टाळले तर महासंघाकडे लेखी अर्ज करा. ती हातात आल्यावर सगळ्यांत आधी समाप्तीची तारीख पाहा. फिफाच्या नियमांनुसार व्यावसायिक करार किमान चालू हंगामाच्या अखेरपर्यंत आणि जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. सही करतेवेळी तुम्ही अठरा पूर्ण नसाल, तर तीन वर्षांपुढचा भाग धरला जात नाही. तुमचा करार संपला असेल, तर तुमच्याकडून कोणत्याही कागदाची कोणालाही गरज नाही. दुसऱ्या देशातल्या क्लबकडून खेळायला लागणारे आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्र नव्या क्लबच्या देशाचा महासंघ जुन्या क्लबच्या देशाच्या महासंघाकडे मागतो. तो व्यवहार त्या दोघांत होतो आणि त्यात थकबाकी सोडून देण्याची अट घालता येत नाही.

करार चालू असेल, तर वाट थोडी लांबची आहे, पण माझ्या वेळेपेक्षा पुष्कळ बरी आहे. जून 2018 पासून असा नियम आहे की, क्लबने किमान दोन महिन्यांचा पगार ठरल्या तारखांना दिला नाही आणि खेळाडूने लेखी नोटीस देऊन किमान 15 दिवसांची मुदत दिली, तर ती मुदत संपल्यावर खेळाडूला योग्य कारणाने करार मोडता येतो. तुमचे दोन महिने भरलेले आहेत. कमी आहे ती फक्त नोटीस. तोंडी मागणी, व्हॉइस मेसेज, प्रशिक्षकांच्या कानावर घालणे, यांतले काहीही नोटीस म्हणून धरले जाणार नाही. मेल पाठवा आणि त्याची छापील प्रत पोच मिळेल अशा टपालाने पाठवा. कोणत्या महिन्याचा किती पगार, कराराच्या कोणत्या कलमानुसार, कोणत्या तारखेला देय होता आणि पैसे कोणत्या खात्यात जमा करावेत, एवढेच लिहा. राग, अपमान, खोलीतले गळके छत यांविषयी एक शब्दही नको; मी स्वतः असे पत्र उशिरा का होईना लिहिले, तेव्हा त्याची दोन पाने गाऱ्हाण्यांची होती आणि वकीलबाईंनी ती शांतपणे बाजूला काढून ठेवली.

पूर्वी करारावरून वाद चालू असला, तर जुना महासंघ प्रमाणपत्र अडवू शकत असे आणि क्लबांची कार्यालये अजूनही त्याच जोरावर बोलतात. लसाना डियारा या फ्रेंच खेळाडूच्या प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने 4 ऑक्टोबर 2024 रोजी त्या व्यवस्थेविरुद्ध निकाल दिला आणि त्यानंतर फिफाने नियम बदलला. प्रकरण पुरुष खेळाडूचे असले, तरी नियम सर्वांना लागू आहे.

‘तुमच्या प्रशिक्षणाची भरपाई नव्या क्लबने आम्हाला द्यावी लागेल,’ असे त्यांनी सांगितल्याचेही तुम्ही लिहिले आहे. याचा मला विशेष राग आला. फिफाच्या नियमांतील प्रशिक्षण भरपाई महिला फुटबॉलला लागू नाही, असे तिथे स्पष्ट लिहिलेले आहे. ज्या कार्यालयाला पगाराची तारीख आठवत नाही, त्याला पुरुषांच्या फुटबॉलमधला नियम मात्र बरोबर आठवतो आणि तो एकोणीस वर्षांच्या मुलीला ऐकवायला ते संकोचतही नाही.

फिफाकडे दावा करण्याची धास्ती घेऊ नका. वादात एक बाजू खेळाडूची असेल, तर कार्यवाहीचे शुल्क लागत नाही; दावा मात्र इंग्रजी, स्पॅनिश किंवा फ्रेंच भाषेत करावा लागतो. आइसलंडची सारा ब्योर्क गुन्नार्सदोत्तिर गरोदर असताना ऑलिंपिक लियॉं या क्लबने तिचा पगार पूर्ण दिला नव्हता. फिफप्रो या खेळाडू संघटनेच्या मदतीने तिने दावा केला आणि 2022 मध्ये न्यायाधिकरणाने तिला 82,000 युरोंहून अधिक रक्कम देण्याचा आदेश दिला. ती नामवंत होती आणि तुम्ही नवख्या आहात, हे मान्य आहे; पण नियम तोच आहे. तुमच्या क्लबच्या देशात फिफप्रोशी संलग्न संघटना असेल, तर पहिला फोन तिथेच करा. माझ्या मते एजंटपेक्षा त्यांचा सल्ला जास्त भरवशाचा असतो, कारण एजंटला त्याच क्लबकडे पुढच्या वर्षी दुसरी खेळाडू पाठवायची असते. हे मत माझ्या अनुभवातून बनलेले आहे आणि चांगले एजंटही असतात, हे लिहिणे भाग आहे.

गुडघ्याविषयी थोडेच लिहिते, कारण ते डॉक्टरांचे क्षेत्र आहे. स्पेनची फुटबॉलपटू अलेक्सिया पुतेयास हिचा गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध जुलै 2022 मध्ये, युरो स्पर्धा तोंडावर असताना तुटला आणि पुढच्या वर्षी ती विश्वविजेत्या स्पेन संघात होती. तेव्हा सूज दिसताच कारकीर्द संपली असे समजू नका. पण एमआरआयचा अहवाल आणि फिल्म स्वतःकडे ठेवा, क्लबच्या फिजिओच्या कपाटात नको. नवा क्लब ‘आधी सही करा, वैद्यकीय तपासणीत पास झालात तर करार लागू होईल’ असे म्हणेल, तर तेही मान्य करू नका. कराराची वैधता वैद्यकीय तपासणीवर किंवा कामाच्या परवान्यावर अवलंबून ठेवता येत नाही. तपासणी सहीच्या आधी उरकणे ही क्लबची जबाबदारी आहे.

शेवटची गोष्ट नोटिशीनंतरच्या पंधरा दिवसांची. या काळात रागाने घरी निघून जाऊ नका. रोज वेळेवर सरावाला हजर राहा, धावता येत नसेल तर फिजिओकडे उपचार घ्या, कारण तुमच्या गैरहजेरीकडे बोट दाखवून ‘करार हिनेच मोडला’ असे म्हणण्याची संधी क्लब शोधत असतो. रोज मैदानावरून निघताना संघ व्यवस्थापकांना ‘आज सरावाला हजर होते’ असा एका ओळीचा मेल पाठवत जा. उत्तर आले नाही तरी चालेल. पंधराव्या दिवशी तुमच्याजवळ तारीखवार पंधरा मेल असतील. तीन महिने त्या कार्यालयात खेटे घालूनही माझ्याजवळ एक ओळ नव्हती. समाप्तीची तारीख कळली की इथेच लिहा, नोटिशीचा मसुदा मी पाहून देईन.